वजन झाल्यावर

डिसेंबर उजाडला की आमच्या निफाड तालुक्याला पेपरात मान मिळतो. एरवी कोणी फारसं विचारत नाही, पण थंडी पडली की पहिल्या पानावर चौकटीत ‘निफाडचा पारा घसरला’ हे आलंच. शेजारचा फोटोही ठरलेला असतो. द्राक्षबागेत पेटवलेली शेकोटी आणि तिच्याभोवती कानटोप्या घालून बसलेली माणसं. नाशिकला आमच्या सोसायटीतल्या बायका मग माझं अभिनंदन करावं तशा म्हणतात, “काय थंडी आहे हो तुमच्या माहेरी!” मीही ती थंडी आमच्याच घरी तयार होत असल्याच्या थाटात मान हलवते.

खरं सांगायचं तर मला ती बातमी वाचवत नाही. ती वाचली की मला गारठा आठवत नाही, भूक आठवते. तीही माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची, गोरखची.

थंडी हा खरं म्हणजे खाण्याचा ऋतू. आमच्या घरी तर दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आईचा दुसरा हंगाम सुरू व्हायचा. बाजरीची भाकरी तव्यावरून उतरायची ती थेट ताटात. तिच्यावर लोण्याचा गोळा, शेजारी लसणाची पात आणि खलबत्त्यात कुटलेली तिळाची चटणी. हुलग्याची शेंगोळी व्हायची त्या दिवशी शेजारची माणसं काही ना काही कारण काढून डोकावून जायची. डिंकाचे लाडू पितळी डब्यात भरून माळ्यावर ठेवलेले असायचे, आणि ते माळ्यावर का ठेवायचे हे कोडं मला कधी सुटलं नाही, कारण शिडी आम्हा सगळ्यांना चढता यायची.

ह्या सगळ्यात गोरख पाटावर भिंतीला टेकून बसलेला असायचा. समोर अर्धी भाकरी आणि वाटीभर मेथीची भाजी. ती संपली की तो ताटात हात धुवायचा आणि आमच्याकडे न बघता उठून जायचा. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्या वयाचा मुलगा थंडीत चुलीपुढून अर्ध्या भाकरीवर उठतो, हे दृश्य मला आजही बघवत नाही, आणि ते दिसायचं काही थांबत नाही.

कारण होतं कबड्डी. आमच्या भागात कबड्डीचे सामने वजनी गटात व्हायचे, आजही होतात. आमच्या गावाचा संघ होता पंचावन्न किलोचा. सामन्याच्या दिवशी सकाळी एकेका खेळाडूला लंगोटावर काट्यावर उभं करायचे. काटा पंचावन्नच्या पुढे रेघभर जरी सरकला तरी तो खेळाडू बाहेर. मग तो कितीही मोठा खेळणारा असो, त्यानं शेंगा खात सामना बघायचा.

आणि गोरख मोठा खेळणारा होता. बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो आळशी, हट्टी आणि माझ्या पेनांचा चोर होता. पण चढाईला निघाला की तो कुणी वेगळाच व्हायचा. जायचा तोच मुळी वाकून, जमिनीवर सांडलेलं काही शोधत असल्यासारखा. समोरचे सातही जण त्याच्या हातांवर नजर ठेवून असायचे, आणि हा पाठमोरा होऊन लाथेनं कुणाला तरी शिवून मधल्या रेषेवर पोचलेला असायचा. धरला तरी हाती लागायचा नाही. मारुतीच्या पारावरचे म्हातारे म्हणायचे, “अंगाला त्याल लावून आलं का रं ह्ये?”

संघाचे करतेसवरते होते बाळूनाना. गावातले मोठे बागाईतदार. तरुणपणी स्वतः खेळलेले, आवाज असा की बागेच्या ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचे पक्षी उडावेत. त्यांच्या शेडमध्ये द्राक्षाच्या पेट्या मोजायचा लोखंडी काटा होता. पेट्यांचं काम संपलं की संध्याकाळी त्याच काट्यावर गोरख उभा राहायचा. नानांनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. त्याला बूट आणले, गाडीवर मागे बसवून तालुक्याला नेलं, ताप आला तर उशाशी बसले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. आणि चिडले तरी मनापासून चिडता येत नाही, हीच माझी खरी अडचण आहे.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, “जेवलास का?” मग तो सकाळी सातला येवो नाहीतर दुपारी चारला. त्या थंड्यांमध्ये गोरखला गावात हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याला विचारायचे, “किती भरलास?” विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, बसथांब्यावर, सगळीकडे तेच. तो आकडा सांगायचा, आणि आकडा ऐकून लोक खूश व्हायचे किंवा काळजीत पडायचे. कुणाच्या ओसरीवर गेला तर तिथली बाई घाईघाईनं डब्याचं झाकण लावायची. ह्यात कंजूषपणा नव्हता. पोराला मोह नको, एवढाच विचार. सगळं गाव त्याच्या पोटावर पहारा देत होतं, आणि तेही प्रेमानं.

संक्रांतीला मात्र पंचाईत व्हायची. तिळगूळ नाही म्हणता येत नाही. गोरख सगळ्यांकडून हसत तिळगूळ घ्यायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. दुसऱ्या दिवशी आई कपडे धुवायला घ्यायची तेव्हा खिसा मुंग्यांनी भरलेला असायचा. ती खिसा उलटा करून दगडावर आपटायची, मुंग्या पाण्याबरोबर वाहून जायच्या. त्या सगळ्या थंड्यांमध्ये ‘भूक लागली’ हे दोन शब्द गोरखच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत.

एकच बाई स्पष्ट बोलायची. रशीदाचाची, आमच्या संघाचा कोपरा सांभाळणाऱ्या सलीमची आई. सलीम मुळातच काडीसारखा, त्यानं दोन ताटं रिचवली तरी काट्याला पत्ता लागायचा नाही. चाची त्याला चपातीचा मलिदा करून घालायची आणि गोरख दिसला की ताट त्याच्याकडे सरकवायची. गोरख म्हणायचा, “चाची, वजन झाल्यावर.” चाची कमरेवर हात ठेवून नानांच्या शेडकडे बघत म्हणायची, “वजन झाल्यावर, वजन झाल्यावर! अरे, वो ढाल को क्या चाटने का है?”

ती ढाल म्हणजे शेजारच्या गावच्या सामन्यांमधली फिरती ढाल. लाकडावर पितळी पत्रा ठोकलेली, मधोमध सिंहाचं तोंड. निदान तो सिंह असावा अशी आमची समजूत होती. नियम असा की जिंकणाऱ्या गावानं ती वर्षभर ठेवायची आणि पुढच्या थंडीत परत आणून द्यायची. पण एखाद्या गावानं लागोपाठ तीन वर्षं जिंकली तर ढाल कायमची त्या गावाची. आमच्या गावानं गोरखच्या जिवावर दोन वर्षं जिंकली होती.

दुसऱ्या वर्षी अंतिम सामना संपल्यावर एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ आमच्या अण्णांना शोधत आले. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते गृहस्थ जिल्ह्याचा संघ तयार करत. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणते. ते अण्णांना म्हणाले, “खेळ असा मी फार थोड्यांचा पाहिलाय. पण जिल्ह्याचा संघ खुल्या गटात खेळतो, तिथे समोर ऐंशी ऐंशी किलोचे गडी असतात. ह्याला वर्षभर नीट खाऊ घाला, व्यायाम करू दे, अंग भरू दे. पुढच्या थंडीनंतर निवड आहे. त्याची जागा मी धरून चालतो.” आणि जाता जाता वळून नानांना म्हणाले, “आता ह्याला पंचावन्नमध्ये अडकवू नका.”

नाना तेव्हा इतके खूश झाले होते, की त्यांनी सरांच्या गळ्यातच हार घातला.

त्या वर्षीचा पावसाळा आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा काळ असावा. गोरख जेवत होता. आई वाढत होती आणि तो नको म्हणत नव्हता. पहाटे धावायला जायचा, येऊन जोर-बैठका काढायचा, आणि मग चुलीशी बसून भाकऱ्यांचा फडशा पाडायचा. दसऱ्यापर्यंत त्याच्या विजारी घोट्याच्या वर गेल्या. खांदे रुंद झाले. मी नाशिकला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले तेव्हा दारात उभा असलेला माणूस मी क्षणभर ओळखलाच नाही. त्यानं माझ्या पिशव्या दोन बोटांनी उचलल्या आणि म्हणाला, “ताई, यंदा मी खुल्या गटातला हाय.” हे वाक्य तो ज्या आवाजात बोलला तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मग दिवाळी झाली, आणि नाना आले.

ओसरीवर बसले, चहा घेतला, पावसाचं, दवाचं, बागांवरच्या रोगाचं बोलणं झालं. नंतर म्हणाले, “अण्णा, एवढी एकच थंडी. ढाल दोनदा आली. तिसऱ्यांदा आली की ती कायमची आपल्या मारुतीपुढं लागंल. पुढं पोराला मी सोता जिल्ह्याला सोडून येतो.”

अण्णा म्हणाले, “पर सरांनी तर सांगितलं व्हतं—”

“निवड फाल्गुनात हाय. सामने पौषात. मधी दीड म्हैना मोकळा. दोन्ही साधंल की.” आणि मग ते वाक्य बोलले जे मी गेली पस्तीस वर्षं मनात उलटंसुलटं करते आहे. “अण्णा, तुम्ही-आम्ही बागवाले. वेलीला ताण दिल्याबिगर घड धरतो का? पाणी तोडायचं, छाटायचं, येळ आली की पाणी सोडायचं. पोराचंबी तसंच.”

हे दुसऱ्या कुठल्या गावात कोणाला सुचलं नसतं. कांदा पिकवणाऱ्याला नाही, ऊस पिकवणाऱ्याला तर नाहीच. पण आमचं द्राक्षवाल्यांचं गाव. आमच्या गावाचा देवावर आहे त्याहून जास्त विश्वास छाटणीवर. ऑक्टोबरात चांगली हिरवीगार वेल कात्रीनं बोडकी करायची आणि ती बरोबर आम्ही ठरवलेल्या दिवसांत फळ देते, हे वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेली माणसं ती. हव्या त्या वेळी जिवाला उपाशी ठेवता येतं आणि हव्या त्या वेळी फुगवता येतं, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. अण्णांनाही ते पटलं. गोरखला कोणी विचारलं नाही असं मात्र नाही. नानांनी विचारलं, “काय रं, जमंल ना?” गोरख म्हणाला, “जमंल नाना.” गावानं तुमच्यावर एवढी माया केल्यावर दुसरं उत्तर कुठून येणार?

त्या थंडीत त्यानं जे केलं ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. दोन स्वेटर, त्यावर औषध फवारताना घालायचा प्लॅस्टिकचा कोट, आणि असा तो पहाटे बागांच्या कडेनं धावायचा. बागांमधून शेकोट्यांचा धूर असायचा. थंडीनं मणी खराब होऊ नयेत म्हणून लोक वेलींना ऊब देत होते, आणि त्याच बांधावरून आमचा पोरगा घाम गाळत जायचा. परत आला की कोट काढायचा तेव्हा आतून पाणी गळायचं. ते बघून नाना म्हणायचे, “शाबास!”

वजनाच्या दिवशी सकाळी मी तिथं होते, सुट्टी असल्यामुळे. गोरखच्या गालात चिंच होती. चिंचेनं तोंडाला पाणी सुटतं, ते थुंकत राहायचं, तेवढंच वजन कमी. तो मांडवाच्या खांबाला टेकून थुंकत होता. काट्यावर चढला तर काटा पंचावन्नच्या किंचित पुढे. खाली उतरला, पुन्हा धावून आला, पुन्हा चढला. काटा हलायला तयार नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ह्याचे केस भरगच्च आहेत. नाभिकाला बोलावलं आणि तिथंच, मैदानाच्या कडेला, गोरखचं मुंडण केलं.

काट्यानं मान्यता दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा जवळच उभे होते, ते हसून म्हणाले, “आरं, मी जित्ता हाय ना अजून?” सगळे हसले. बाप जिवंत असताना पोराची हजामत अशी करत नाहीत, हे त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आईनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढाल होती, गुलाल उडत होता, हलगी वाजत होती. आम्ही जिंकलो होतो. गोरखनं शेवटच्या चढाईत एकदम तीन गडी मारले होते. मिरवणुकीत त्याला खांद्यावर घ्यायला गेले तेव्हा तो ट्रॉलीच्या कोपऱ्यात बोडक्या डोक्यावर गुलाल घेऊन झोपलेला सापडला.

त्या दिवशी गावानं त्याच्यापुढे जिलबीचं ताट ठेवलं. दोन वेढे पोटात गेले आणि तसेच बाहेर आले.

आणि मग नाना म्हणाले, “आता पाणी सोडा.”

दीड महिना गाव त्याला खाऊ घालत होतं. ज्यांनी डब्यांची झाकणं लावली होती त्याच बाया आता डबे घेऊन दारात उभ्या. बदाम, तूप, खारीक, अंडी, डिंकाचे लाडू, रशीदाचाचीचा मलिदा. मलिद्याचं ताट देताना चाचीही म्हणाली, “जरा धीरे धीरे, बेटा.” पण धीरे धीरे कोणाला वेळ होता? फाल्गुन डोक्यावर आलेला. गोरख सकाळी खायचा, दुपारी खायचा, पोट दुखत असताना खायचा. गाल वर आले. काट्यावर आकडा चढत होता आणि नाना रोज बघून खूश होत होते. त्या काट्याला गडी आणि पेटी ह्यांतला फरक कळत नव्हता. वजन हाडामांसाचं आहे की नुसतं चढवलेलं, हे तो काही सांगत नाही.

आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल, की ताणावर असलेल्या बागेला एकदम पाणी सोडलं की मणी तडकतात. नानांनी स्वतः हे शेकडो वेळा लोकांना सांगितलं होतं. त्या दीड महिन्यात ते कोणालाच आठवलं नाही.

निवड नाशिकला होती. मी मैत्रिणींना घेऊन गेले होते, माझा भाऊ खेळतोय म्हणून मिरवायला. गोरख मैदानात उतरला तेव्हा तो छान दिसत होता. गोरा, भरलेला, डोक्यावर नुकते केस उगवलेले. पहिल्या चढाईला गेला, वाकला, आणि मला लगेच कळलं. मला कबड्डीतलं फार कळत नाही, पण भावाची चाल कळते. तो वाकला तो आपल्या सवयीनं, पण उठताना अंग सवयीचं नव्हतं. पाय जुन्या वजनाच्या हिशेबानं उडत होते आणि वरचा माणूस वेगळाच होता. दुसऱ्या चढाईला त्यानं पाठमोरा होऊन लाथ मारली, कोपऱ्यातल्या दांडग्या गड्यानं घोटा धरला, गोरखनं नेहमीसारखी गिरकी घेतली. घोटा सुटला नाही, गुडघा सुटला. तो आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला.

नानांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि धावत बाहेर आणलं. ते रडत होते. सर जवळ आले, गोरखच्या डोक्यावर हात ठेवला आणि नानांना एवढंच म्हणाले, “घाई केलीत हो तुम्ही.”

पुढं गुडघ्याचं जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. गोरख चालू लागला, बागेत काम करू लागला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. चढाई मात्र संपली. वयाच्या विसाव्या वर्षी.

आत्याबाईला मिश्या असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे मलाही माहीत आहे. तरी दर थंडीत पहाटे फिरायला निघाले की माझ्या डोक्यात सामने सुरू होतात. गोदाकाठी धुकं असतं, कानाला मफलर असतो, आणि मी जिल्ह्याचा संघ उतरवते. डाव्या बाजूला गोरख, पंचाहत्तर किलोचा, वर्षभर हळूहळू खाल्लेला. तो जातो, वाकतो, शिवतो, येतो. मी सांधे दुखेपर्यंत त्याला खेळवते. काही वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. खूप थकले होते. गोरखचं नाव काढताच म्हणाले, “त्या वर्षी डावीकडून चढाई करणारा माझ्याकडे नव्हताच. राज्याच्या सामन्यात एका गुणानं गेलो. शेवटची चढाई होती, कोणाला पाठवावं कळेना.” मग जिलबीचा तुकडा तोडत म्हणाले, “मी त्याची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती.” हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडून बघते. गोरख त्या थंडीत खेळला नसता तर ढाल गेली असती. नाना महिनाभर रुसले असते. पण त्याच्या जागी कुणीतरी चढाईला गेलं असतं, हरत हरत शिकलं असतं. गोरख होता तोवर गावात दुसरा चढाईवाला तयारच झाला नाही. सलीम आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तो म्हणतो, “ताई, आम्ही काय करायचो? कोपऱ्यात हुबं राहायचं आन गोरखची वाट बघायची.” गोरखचा गुडघा गेल्यावर पुढच्या दोन-तीन थंड्यांमध्ये संघ पहिल्याच सामन्यात घरी येऊ लागला, आणि मग जायचाच बंद झाला. मैदानावर आज शीतगृह उभं आहे. ढाल मारुतीच्या देवळातून ग्रामपंचायतीत गेली आणि तिथं कपाटामागे आहे. सिंहाचं तोंड काळं पडलंय.

गोरख आता चांगला जाडजूड आहे. टीव्हीवर ती रंगीत मॅटवरची कबड्डी लागली की तो आवाज बंद करून बघतो, आणि मध्येच उठून जनावरांना चारा घालायला जातो. एक खोड मात्र त्याला कायमची लागली. तो पंगतीत बसत नाही. कुणाचंही लग्न असो, बारसं असो, गोरख कमरेला पंचा बांधून वाढत असतो. आग्रह करकरून वाढतो. स्वतः कोपऱ्यात उभ्याउभ्या चार घास खातो आणि हात धुतो. लोक म्हणतात, गुडघ्यामुळे खाली बसता येत नसेल. मीही लोकांना तेच सांगते.

ह्या डिसेंबरात पेपरात चौकट आली आणि दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. संध्याकाळी गोरख म्हणाला, “चल, नानांना भेटून येऊ.” नानांना आता विसरायला होतं. खाटेवर बसून असतात, सून सगळं करते. गोरख रोज बागेतून येताना त्यांच्याकडे डोकावतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

नानांनी मला ओळखलं नाही. गोरखला ओळखलं. त्याच्याकडे बघून त्यांचे डोळे एकदम जागे झाले. आता एवढाशा झालेल्या आवाजात विचारलं, “किती भरलास रं?”

गोरख खाटेजवळ वाकला. “पंचावन्नच्या आत हाय, नाना.”

“शाबास.”

नानांची सून तोंडाला पदर लावून हसली. “रोज ह्येच इचारत्यात आन ह्येबी रोज त्येच सांगत्यात,” ती मला म्हणाली. तिनं डिंकाच्या लाडवांची ताटली आणून ठेवली आणि मला घरी न्यायलाही चार पुडीत बांधून दिले. गोरखनं लाडू उचलला. तो तोंडाजवळ नेत होता तेवढ्यात नानांचा हात आला. शिरा वर आलेला हात. त्यांनी तो गोरखच्या मनगटावर ठेवला आणि समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, “उद्या वजन हाय, बाळा. वजन झाल्यावर.”

वजनानं पंचावन्नच्या कधीच पुढे गेलेल्या आणि आता वयानंही पंचावन्नच्या जवळ आलेल्या माझ्या भावानं लाडू परत ताटलीत ठेवला. “व्हय नाना,” म्हणाला. त्यांच्या अंगावरची गोधडी नीट केली. मग आम्ही निघालो.

परतताना बागांमधली वाट धरली. अंधार पडायला आला होता, शेकोट्या पेटू लागल्या होत्या आणि धूर वेलींच्या खालून सरपटत होता. गोरख पुढे चालत होता, उजवा पाय जरा ओढत. विहिरीच्या पंपाजवळ तो थांबला. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

“ताई,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “भूक लागलीय.”

घर समोर दिसत होतं. आईच्या पश्चात त्याची बायको चुलीशी होती, चुलीचा उजेडही दिसत होता. तरी मी तिथंच पिशवीतून पुडी काढली आणि सोडली. गोरख पंपाच्या कट्ट्यावर हात टेकत, पाय सांभाळत बसला. घालता येईल तेवढी मांडी घालून बसला. मी एक लाडू त्याच्या हातावर ठेवला आणि तो खाऊ लागला, हळूहळू, कोणतीही घाई नसल्यासारखा. मी दुसरा लाडू हातात धरून त्याच्या शेजारी उभी राहिले.